पावसाआधीची फवारणी

पंचवटी, नाशिक
९ नोव्हेंबर

दादा,

"तुझे उंदीर वाचले, मंग गोटीराम कसा मेला?"

तुझ्या टोळीतला गोटीराम गेला त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तू मला हे विचारलंस आणि उत्तराची वाट न बघता खाली निघून गेलास. दुसऱ्या दिवशी द्राक्षबागांच्या कामाला टोळी घेऊन तासगावकडे गेलास, तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस. मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधते आहे. खरं सांगते, मला ते येत नाही. कॉलेजातल्या मॅडमना विचारलं, त्यांनाही येत नाही.

पत्ता तुझ्या टोळीतल्या सुनीलने दिला. "ताई, पत्र कोन लिव्हतं आता? मुकादम हासतील," म्हणाला. हस, पण वाच. सावकाश वाच, घाई नाही.

उत्तर येत नसलं तरी त्याच्या आजूबाजूचं थोडं येतं, ते सांगते. आखाजीच्या सणाला मी घरी जे बोलले, ते मी चुकीच्या पद्धतीने बोलले. तुला आठवत असेल. तू मार्चमधल्या त्या दुखण्यातून नुकता उठला होतास, आमरसाच्या वाटीकडे नुसता बघत बसला होतास, आणि आई म्हणाली, "सायली, तुमच्या कॉलेजात याच्यावर काही औषध नाय का?" मग मी सुरू झाले. अंधार पडला की आपल्या डोक्यात झोपेचं एक द्रव्य आपोआप तयार होतं, त्याला मेलाटोनिन म्हणतात. ते आम्ही उंदराला आधी देतो, आणि मग सुई टोचून त्याच्या स्वादुपिंडाला सूज आणतो. आधी औषध मिळालेल्या उंदराला सूज कमी येते.

तू म्हणालास, "म्हंजे पाऊस यायच्या आधी फवारा मारल्यासारखं. आधी मारला की डाऊनीचा रोग येत नाय."

मी म्हणाले, "अगदी तसंच!"

दादा, मला इतका आनंद झाला होता. मी चार वर्षं फार्मसी शिकले, आता पुढचं शिकते आहे, आणि आपल्या घरात पहिल्यांदा कुणाला तरी माझं काम कळलं होतं. तेही एका वाक्यात. माझ्या वर्गातल्या पोरांना ते इतकं नीट मांडता आलं नसतं. तू विचारलंस, "मेडिकलात मिळती का ही गोळी?" मी नाव सांगितलं. तू चिडवलंस, "घ्या, डॉक्टरीणबाईनी चिठ्ठी दिली." मी म्हणाले, मी डॉक्टर नाही रे. तर तू म्हणालास, "तेच ते. शेवटी गोळ्याच ना." सगळे हसलो.

पण फवाऱ्यासारखं ते नाही. तुमचा फवारा वर्षानुवर्षं हजारो एकरांवर मारून बघितलेला आहे. आमचं काम पिंजऱ्यातल्या थोड्या उंदरांवर झालेलं. ते उंदीर तरणे आणि निरोगी, कधी दारूला न शिवलेले. आणि मी घरी "वाचले" म्हणाले ना, तर माझा एकही उंदीर वाचला नाही, दादा. औषध दिलेले आणि न दिलेले, सगळे आम्ही शेवटी मारले. स्वादुपिंड बाहेर काढल्याशिवाय सूज किती ते बघता येत नाही. पातळ काप करून काचेवर घेतले, सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. औषधवाल्यांचे काप बरे दिसत होते. आमच्याकडे "वाचले" म्हणजे एवढंच. ते मी आखाजीला सांगितलं नाही. आमरसाच्या ताटावर ते कोण सांगणार?

मापाचंही बघ. उंदराला औषध वजनावर देतात, आणि ते भरपूर असतं. त्या मानाने माणसाने मेडिकलमधली एक गोळी घेणं म्हणजे फवाऱ्याच्या पिंपात चिमूटभर पावडर टाकण्यासारखं आहे. त्यामुळे दारूच्या पार्टीच्या आधी गोटीरामने जी गोळी घेतली, तिने त्याला काही संरक्षण दिलं असेल असं मी धरत नाही. त्या गोळीने त्याला धीर मात्र दिला. सकाळी पोटात कळ आली, पाठीपर्यंत गेली, तरी तुम्ही सगळे त्याला सोडा पाजत बसलात, कारण गोळी घेतलेली होती. दवाखान्यात आणला तेव्हा त्याची लघवी बंद झाली होती.

छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावता, त्या दिवशी तुझ्या टोळीत कुणी दारूला हात लावत नाही. का, तर त्या पेस्टवर प्यायलं की लगेच तोंड लाल होतं, छाती धडधडते, समोर दिसतं. स्वादुपिंड तसं लगेच दाखवत नाही. ते पुष्कळ दिवस गप्प बसतं. म्हणून सांगते, प्लॉट उरकला की बागायतदार देतो ती पार्टी तू घेऊ नकोस. कोंबडी खा, बाटली परत दे.

वहिनीला मी काही बोललेले नाही. तू घातलेली शपथ पाळते आहे. ती अजून बिनफोडणीचं वरण करते. तेलाने तुझा पित्ताचा खडा वाढला असं तिला वाटतं.

तुझी,
सायली


२४ नोव्हेंबर

दादा,

पहिलं पत्र पोचलं असेल. तुझं उत्तर आलं नाही.

रविवारी मी पेठकडे जाऊन आले. गोटीरामच्या पाड्यावर. मला जायचं धैर्य होत नव्हतं, म्हणून टोमॅटोच्या जीपमधून गेले, म्हणजे मधेच उतरून परत फिरता येऊ नये. त्याची बायको नवसाबाई नागली निवडत बसली होती. मी मुकादमाची बहीण, एवढं म्हटल्यावर तिने बसायला गोणपाट दिलं. मग म्हणाली, "तूच का ती शिकेल?"

मी हो म्हणाले.

"मुकादम बोलला, आमच्या शिकेल बहिणीची गोळी हाय, भिऊ नको. तो पहिला भ्यायचा. बाटलीला भ्यायचा नाय, पोटाला भ्यायचा. मंग भ्यायचं बंद झाला."

ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. तिने मला कोरा चहा दिला. मी तिला उंदरांचं काही सांगितलं नाही. तिच्यासमोर ते सगळं शिक्षण तोंडात आलंच नाही. एवढंच म्हणाले की ती गोळी दारूवरची नव्हती, आणि माझं बोलणं अर्धवट होतं. ती म्हणाली, "आता पुरं बोलून काय करशील?"

मी ते तुझ्याजवळ पुरं बोलावं, म्हणून हे पत्र.

मार्चमध्ये डॉक्टरांनी आपल्याला खोलीत बोलावलं होतं. वहिनी बाहेर डब्याचं बघत होती. त्यांनी तुझ्या पोटाचा फोटो भिंतीवरच्या दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "रोज घेता?" तू म्हणालास, "रोज नाय साहेब. काम आसलं तर." ते म्हणाले, "काम कधी नसतं?" तू हसलास. ते हसले नाहीत. त्यांनी समजावलं की जो रस आतड्यात जाऊन जेवण पचवायचा, तो स्वादुपिंडातच जागा झाला आहे आणि स्वादुपिंडालाच पचवतो आहे. खडा नाही, दुसरं काही नाही, दारूनेच झालं आहे. "या वेळी उठलात. पुन्हा असं झालं तर उठाल याची खात्री मी देत नाही."

बाहेर आल्यावर तू माझं मनगट धरलंस. "छायाला सांगायचं, मला खडा हाय म्हनून. पित्ताचा. तुला आईची शपथ."

मी विचारलं, का?

"ती माहेरी निघून जाईल. कळवणला तिचा भाऊ टपूनच बसलाय."

मी वहिनीला सांगितलं, खडा आहे. तुझी भीती मला खरी वाटली, आणि तू सोडशील असंही वाटलं. तू सोडलीही होतीस. आखाजीपर्यंत तू थेंब घेतला नव्हतास, हे मला माहीत आहे. त्यानंतर घ्यायला लागलास. गोळी मिळाल्यानंतर.

आता वहिनी काय करते, ते ऐक. मेडिकलमधून पाकिटं तीच आणते. तासगावला निघताना तुझ्या पिशवीत तिनेच ठेवली. ती तिला खड्याची गोळी वाटते. मला विचारत होती, "ताई, हिच्यानं खडा विरघळतो ना गं?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. तिने हो धरलं.

एक ओळ लिही. पीत नाही, एवढीच लिही.

सायली


६ डिसेंबर

दादा,

तुझा आवाज ऐकला. सुनीलच्या मोबाईलवरून तू बोलून पाठवलंस ते मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभी राहून ऐकलं. पुन्हा पुन्हा ऐकलं. तू म्हणालास:

"काय डॉक्टरीणबाई. पत्र पोचलं बरं का. लय भारी लिव्हलं. टोळीला वाचून दाखवलं म्या. पिंपात चिमूटभर पावडर, हे येकदम बरोबर हाय तुझं. आमचं मापच चुकत व्हतं. गोटीरामाचं तेच झालं, डोस कमी पडला. आता माप बसवलंय. तू काळजी करू नको, आभ्यास कर."

मला आधी कळलंच नाही. तू बोललास, म्हणजे राग गेला, एवढंच वाटून बरं वाटलं. मग मी सुनीलला फोन लावला आणि माप बसवलं म्हणजे काय, असं विचारलं.

"हिशेब केला ना ताई मुकादमानी. उंदराचं वजन मोबाईलवर बघितलं. मंग मान्साचं धरलं. आता मूठभर घेत्यात. झोप लय येती, पन प्वाट साफ हाय म्हन्त्यात."

"आणि मग पितो?"

"आधी गोळ्या, मंग बाटली. तुमीच लिव्हलंय ना, आधी द्यायचं म्हनून."

"बाकीची पोरं?"

"पोरं पन घेत्यात की. तुमचं पत्र सगळ्यांनी ऐकलंय."

दादा, ते पत्र मी तीन वेळा खोडून लिहिलं होतं. एक शब्द खोटा पडू नये, एकही गोष्ट वाढवून सांगितली जाऊ नये, असं मला वाटत होतं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, मी आजही कुणाहीपुढे त्यावर सही करेन. आणि तुम्ही त्यातून दारू प्यायची रीत काढलीत.

मी मॅडमकडे गेले. देवरे मॅडम कधी कुणाशी जास्त बोलत नाहीत. मी रडत म्हणाले, मी कुठे चुकले ते सांगा, मी अजून सोप्या शब्दांत लिहिते, या वेळी त्याला नक्की समजेल. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "त्याला समजलं नाही, असं वाटतं तुला? त्याला हवं तेवढं बरोबर समजलं आहे. अजून एक पत्र लिही. त्यातही सापडेल त्याला काहीतरी."

मला वाटायचं, नीट समजावून सांगितलं की माणूस नीट वागतो. आपल्या घरात कुणी समजावून सांगणारं नव्हतं, म्हणून सगळं असं होतं. मी शिकेन, मी सांगेन, मग होणार नाही. याच एका गोष्टीसाठी मी शिकले. आता औषधाबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. मूठभर घ्यायच्या की एक, आधी की नंतर, काही नाही. माझ्याकडून तुला हवं ते मिळणार नाही.

पण एक विचारते, कारण सुनील फोन ठेवताना बोलून गेला. "मुकादम परवा वाकून चालत व्हते," म्हणाला. "मनी विरळायच्या थिनिंगला उभं राहवंना. कमरंला उपरणं आवळून बसले, दुपारचं जेवले नायत. म्हन्ले, कंबार धरली." मी विचारलं, पाठ दुखत होती का पोट? तो म्हणाला, "दोनी म्हनत व्हते."

तुझी कंबर धरलेली नाही. तुला ठाऊक आहे काय धरलं आहे.

मी तिथे येऊन काय करू? मला बघितलंस की तू चिडवशील, हसवशील, मी बोलायला लागेन आणि तू ऐकून घेशील. ऐकून घेण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. तू माझं ऐकत नाहीस, असं नाहीच. भीती तुला एकाच माणसाची आहे.

मला शपथेतून मोकळं कर. वहिनीला तू सांग, नाहीतर मला सांगू दे. या वेळी हो किंवा नाही कळव.

सायली


१३ डिसेंबर, स्टँडवरून

दादा,

"शपथ मोडली तर तुझा भाऊ मेला म्हनून समज." तू असं कळवलंस. आवाज बारीक झाला आहे तुझा. बोलताना मधे थांबलास, तेव्हा दात आवळल्याचं मला ऐकू आलं.

काल दुपारी मी घरी गेले. वहिनी ओट्यावर मेथी निवडत होती. शेजारी तुझ्यासाठी पाठवायची पिशवी भरून ठेवलेली. त्यात नव्या गोळ्यांची पाकिटं, तू फोन करून मागवलेली. तिला म्हणालास म्हणे, खडा मोठा आहे, जास्त लागतात.

मी म्हणाले, "वहिनी, त्याला खडा नाही."

ती म्हणाली, "विरघळला?" आणि हसली. इतकं स्वच्छ हसली की मला पुढचं बोलवेना. पण बोलले. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. दारूने झालं आहे हे, आणि पुन्हा झालं तर काय, तेही. गोटीराम कशाने गेला ते सांगितलं. गोळीचं नाव माझ्या तोंडून गेलं होतं, आणि खड्याचं खोटंही मीच बोलले होते, हेही सांगितलं. मधे काही समजावलं नाही.

तिने हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मंग पोरांना मी बिनफोडणीचं वरण खाऊ घातलं, ते कशापायी?"

मी तिच्या पुढ्यातली मेथी माझ्याकडे ओढली.

"आई मला येता जाता बोलल्या. तुझ्या हाताला तेल सुटतं, तूच माझ्या लेकाला खडा केला. म्या ऐकून घेतलं. ते समोर बसून जेवत व्हते, ताई. मान खाली घालून. येकदा पन बोलले नायत."

ती उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. तर तेल तापल्याचा वास आला, मोहरी तडतडली, लसूण पडला. आई पडवीतून ओरडली, "छाये, वाल्मीकला तेल नाय सांगितलं ना!" वहिनी आतून म्हणाली, "ते हितं नायत, आई. पोरं हायेत." मग पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला विचारलं, "तासगावची एस्टी कुठून सुटती?"

मी म्हणाले, "कळवणला नाही जाणार?"

"माहेरी जायला नवरा तर जित्ता पायजे. कुनाला सोडून जाऊ?"

तू म्हणत होतास ना, ती निघून जाईल. मला तिच्याबद्दल काहीच कळलेलं नव्हतं, आणि तुलाही नाही.

हे पत्र पोस्टाचं नाही. मी स्टँडवरच्या बाकावर बसून लिहिते आहे आणि वहिनी शेजारी बसली आहे. काय लिहितेस, असं तिने एकदाही विचारलं नाही. पोरं आईकडे ठेवली आहेत. आई आमच्याशी बोलत नाही, तुझ्याशीही बोलणार नाही असं म्हणते. पिशवीतली पाकिटं वहिनीने मेडिकलवाल्याच्या काउंटरवर परत नेऊन ठेवली आणि सांगितलं, "आमच्या नावानं कुनाला देऊ नका." सुनीलशी ती स्वतः बोलली. टोळी काही दिवस तो बघणार आहे. तिथल्या बागायतदारालाही तिने फोन लावला आणि मुकादमाला पार्टी द्यायची नाही, पोरांनाही द्यायची नाही, हे ऐकवलं. त्याला आवडलं नाही. तिने दोनदा ऐकवलं.

पोटाची कळ वाढली असेल तर तिथल्याच जवळच्या दवाखान्यात ती तुला आधी नेईल. चालवत असेल तर इकडे आणेल. सिव्हिलमध्ये मी दोन्हीकडे बोलून ठेवलं आहे, पोटाच्या डॉक्टरांशी आणि दारू सोडवतात त्या वॉर्डात. तुझं नाव, वय, दारूचं सगळं खरं सांगितलं आहे. तिथे खडा चालणार नाही.

तू मला शिव्या देशील, बोलणार नाहीस. नको बोलूस. आईची शपथ मी मोडली आहे आणि त्याचं जे व्हायचं ते माझ्यावर.

बस लागली. तू हे वाचत असशील तेव्हा वहिनी तुझ्यासमोर उभी असेल. तिला सगळं माहीत आहे, तेव्हा कंबर धरली म्हणून सांगू नकोस. तिकिटं मी कालच काढली. जातानाचं एक, येतानाची दोन.

सायली